रिकामे रकाने

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी धाकटीला मायक्रोस्कोपला हातसुद्धा लावू दिला नाही. आधी वही कशी लिहायची ते शिकवलं.

मॅडमनी एकेक बोट धरून नियम सांगितले. पेन्सिल नाही, पेनच. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. आकडा चुकला तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही. पानांवर छापील क्रमांक आहेत, एक पान फाडलं की सगळी वही रद्द. वही या दाराबाहेर जायची नाही. आणि शेवटचं म्हणजे, वही जमा होताना एकही रकाना रिकामा नको. आकडा नसेल तर आडवी रेघ ओढून तो बंद करायचा.

"रिकामा रकाना म्हणजे उघडं दार," मॅडम म्हणाल्या. "उद्या कोणीही येऊन त्यात काहीही लिहील. रेघ ओढली की विषय संपला. मग ब्रह्मदेव आला तरी तो उघडत नाही."

धाकटीने मान डोलावली. घरात दोघी बहिणींत ती धाकटी, आणि इथे पीएचडी करणाऱ्या चार जाणत्यांमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाची ती एकटीच, त्यामुळे आठवड्याभरात इथेही सगळे तिला धाकटीच म्हणू लागले. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

काम सांगायला सोपं होतं. नदीकाठी कापड रंगवायचा कारखाना होता आणि त्याचं सांडपाणी नदीत जात होतं. ते पाणी वेगवेगळ्या प्रमाणात घेऊन त्यात बेडकाची अंडी वाढवायची आणि पिल्लांचं काय होतं ते रोज बघायचं. आठ ट्रे, प्रत्येकात वीस खळगे, प्रत्येक खळग्यात एक अंडं. कुठल्या ट्रेमध्ये कुठलं पाणी आहे हे धाकटीला कळता कामा नये. म्हणून पाणी भरायचं काम मामांचं. मामा म्हणजे तिथले तीस वर्षं जुने मदतनीस. त्यांनी दार लावून पाणी भरलं, ट्रेवर नुसते एक ते आठ आकडे चिकटवले आणि यादी पाकिटात बंद करून मॅडमच्या खणात टाकली.

"माणूस लबाड असतो पोरी," मामा म्हणाले. "पाणी वाईट आहे म्हणून सांगितलं की त्याला सरळ शेपटीसुद्धा वाकडी दिसते."

आठपैकी एका ट्रेमधलं पाणी मात्र धाकटीने स्वतः आणलं होतं. ताईच्या नळाचं, पाच लिटरचा कॅन भरून. ताई आणि भावोजी नदीच्या खालच्या अंगाला राहायचे. ताईची दोन मुलं पोटातच गेली होती. पहिलं तिसऱ्या महिन्यात, दुसरं पाचव्यात. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि घरात कोणी तो विषय मोठ्याने काढत नव्हतं. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकून पीत होती. एकदा भांडी विसळताना ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "धाकटे, पाण्यात काही असेल का गं?" त्या प्रश्नासाठीच धाकटीने हे काम मागून घेतलं होतं. मॅडमना तिने तसं सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी आठ वाजता ती मायक्रोस्कोपला डोळा लावायची. पिल्लांची कातडी इतकी पातळ, की आत हृदय धडधडताना दिसायचं. डाव्या हातात ठोके मोजायचं छोटं यंत्र होतं, अंगठ्याने दाबलं की एक आकडा पुढे जाई. अर्धं मिनिट मोजायचं, दुप्पट करून लिहायचं. मग लांबी. मग ब्रशच्या एकाच केसाने शेपटीला हळूच स्पर्श करायचा, पिल्लू सुळकन पळालं की बरोबरची खूण. ठोके, लांबी, स्पर्श. असे तीन रकाने, एकशे साठ ओळी. पहिले चार दिवस स्वप्नातही ती टकटक करत होती.

"आकडे सारखे येत नाहीत मॅडम," तिने एकदा तक्रार केली. "त्याच पिल्लाचे आत्ता एकशे बारा, लगेच एकशे वीस."

मॅडम हसल्या. "बरंय की. जिवंत प्राणी दोनदा तोच आकडा देत नाही. आकडे फार शहाण्यासारखे वागायला लागले ना, की समजायचं, कोणीतरी घरी बसून लिहिलेत."

नवव्या दिवशी धाकटी सातव्या ट्रेच्या एकोणिसाव्या खळग्यापर्यंत आली होती, तेव्हा फोन वाजला. भावोजींचा. त्यांना धड बोलता येत नव्हतं. ताईच्या अंगावरून जायला लागलं होतं, ते दवाखान्यात निघाले होते. धाकटीने आठवा ट्रे एका पीएचडीवालीच्या गळ्यात घातला आणि पळाली.

दवाखान्यात काही वाईट झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, पडदा ताईकडे वळवला आणि ठोक्यांचा आवाज मोठा केला. "एकशे बेचाळीस. छान आहे सगळं. पडून राहायचं, एवढंच." ताई रडली, आई रडली, भावोजी बाहेर जाऊन खांबाकडे तोंड करून उभे राहिले. धाकटीला तो आकडा देवाच्या प्रसादासारखा वाटला. दिवसभर ती तो मनात घोळवत राहिली.

संध्याकाळी पाचला ती प्रयोगशाळेत परत आली. सातव्या ट्रेची विसावी ओळ कोरी होती. त्या दिवसाची नोंद त्या दिवशी, असा दंडक. ट्रे केव्हाच उबेच्या कपाटात गेले होते, मायक्रोस्कोपवर झाकण पडलं होतं, आणि तिचे पाय दुखत होते. एका पिल्लाने असं काय आभाळ कोसळणार होतं? कालचे ठोके एकशे सोळा होते. तिने एकशे अठरा लिहिलं. लांबी नऊ मिलिमीटर. स्पर्शाच्या रकान्यात खूण करायला मात्र तिचा हात धजेना. तेवढा एक खोटेपणा तिला जास्त वाटला. तिथे तिने आडवी रेघ ओढली.

दहाव्या दिवशी सकाळी विसाव्या खळग्यातलं पिल्लू मेलेलं होतं. नुकतं नव्हे. पांढरं पडलेलं, कडा विरघळलेल्या. काल सकाळीच गेलेलं असणार, तिने एकशे अठरा लिहिलं त्याच्या कितीतरी आधी. धाकटीला स्वतःची लाज वाटली. तिने ते काचेच्या नळीने उचललं, मेलेल्यांच्या बाटलीत टाकलं, नळी बेसिनवर धुतली आणि ओळ नीट लिहायची असं ठरवून परत आली.

विसाव्या खळग्यात पिल्लू होतं.

तिने पहिल्यांदा स्वतःलाच शिव्या घातल्या. घाईत भलत्याच खळग्यातलं उचललं असणार. तिने ट्रे पहिल्यापासून मोजला. वीसच्या वीस भरलेले. बाटलीत पाहिलं, ते पांढरं तिथेच तळाशी होतं. मामांना विचारलं, कोणी एखादं जास्तीचं टाकलं होतं का?

"मी कशाला टाकू? मला काय उद्योग नाहीत?" मामा म्हणाले, आणि झाडायला लागले.

तिने ठोके मोजले. एकोणसाठ, म्हणजे एकशे अठरा. लांबी नऊ मिलिमीटर. केसाने शेपटीला स्पर्श केला. पिल्लू हललं नाही. पुन्हा केला. पोटाला केला. ते पाण्यात तसंच अंग टाकून होतं आणि आत हृदय धडधडत होतं.

त्यानंतर रोज एकशे अठरा. इतर पिल्लं दहा झाली, बारा झाली, हे नऊवरच. त्याचं खाणं खळग्यात तसंच पडून राही. सकाळी ट्रे काढला की धाकटीला आणखी एक गोष्ट दिसायची, जी लिहायला रकानाच नव्हता. आजूबाजूच्या खळग्यांतली पिल्लं आपापल्या खळग्याच्या पार पलीकडच्या कडेला चिकटून असायची. विसाव्यापासून लांब. ट्रे फिरवून ठेवला तरी तासाभराने तसंच.

चौदाव्या दिवशी मॅडमनी वही चाळली आणि चष्मा काढला.

"सात-वीसचे ठोके रोज एकशे अठरा? पाच दिवस?"

"तेवढेच येतात मॅडम."

"असं होत नाही."

"मला माहितीये."

मॅडम स्वतः बसल्या. त्यांनी तीनदा मोजलं. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ हलवत आवाज न करता मोजलं आणि मग बराच वेळ डोळा काढलाच नाही. उठल्या तेव्हा त्यांनी हात साबणाने धुतले, जरी त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

"बिघडलेलं मोजणीयंत्र असेल," त्या म्हणाल्या. "बदल."

खरोखर मोजलेले आकडे बनावट दिसत होते आणि बनावट एकच होता, तो कोणाच्या नजरेत भरत नव्हता. धाकटीला ते सहन होईना. संध्याकाळी तिने मॅडमना गाठलं आणि सगळं नाही, पण अर्धं सांगितलं, की नवव्या दिवसाची ती ओळ तिने अंदाजाने लिहिली होती.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "रेघ मार, सही कर. आणि पुन्हा नको," एवढंच म्हणाल्या.

धाकटीने त्यांच्यासमोर नवव्या दिवसाच्या त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. शेजारी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसाव्या खळग्यात नितळ पाणी होतं. मेलेलं पिल्लू नाही, पांढरा कण नाही, काही नाही. शेजारची पिल्लं आपापल्या खळग्यांच्या मधोमध येऊन पोहत होती.

 ती शिकलेली मुलगी होती, नाकासमोर बघून चालणारी. तिने 'मृत' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि कोणापुढे ब्र काढला नाही.

महिना संपला, मॅडमनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. सातव्या ट्रेमधली तोवर आठ पिल्लं गेली होती आणि उरलेल्यांपैकी पाचांच्या शेपट्या वाकड्या होत्या. यादीत मामांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: सात, धाकटीने आणलेलं नळाचं पाणी.

त्याच दिवशी ती ताईकडे गेली. तिने फार काही समजावलं नाही, नुसतं सांगितलं की आजपासून हे पाणी नको. भावोजींनी दुसऱ्या वस्तीतून पाणी आणायला सुरुवात केली.  ताईने ओट्यावरचा भरलेला पेला उचलला, बघितला आणि मोरीत ओतला. पाच महिने झाले होते. पाच महिने ती तेच पाणी पीत होती.

पुढच्या आठवड्यात तपासणी होती. आई आणि धाकटी बरोबर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. या वेळी त्यांनी पडदा वळवला नाही. आवाजाचं बटण दाबलं आणि खोलीत नुसती खरखर भरली.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"जरा थांबा हं."

त्या बराच वेळ शोधत राहिल्या. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं, कागदाने ताईचं पोट पुसलं, अगदी हळू, आणि म्हणाल्या, "आत्ता ठोके मिळत नाहीयेत. उद्या सकाळी मोठ्या मशीनवर बघू. मग ठरवू काय करायचं ते."

त्यांच्या बोलण्यातल्या 'ठरवू'चा अर्थ तिघींनाही कळला. ताई रडली नाही. ती छताकडे बघत म्हणाली, "धाकटे, या वेळी मला वाटलं होतं गं."

 त्या पाण्याचं धाकटीला एक दिवस आधी कळलं असतं तर? तिने जरा आधी सांगितलं असतं तर? तिने आईला ताईजवळ बसवलं, "कॉलेजात काम आहे" म्हणाली आणि निघाली. दुपारचे दोन वाजले होते. ऊन होतं. रस्त्यावर लोक नेहमीसारखे आपापल्या कामाला चालले होते, आणि तिला कळत होतं की ती काय करायला निघाली आहे. ते वेडेपणाचं आहे हेही कळत होतं.

प्रयोगशाळेत मामा एकटेच होते, बाटल्या धूत होते. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

तिने वही उघडली. पान त्रेसष्ट, तिच्या शेवटच्या नोंदीखाली अर्धं कोरं होतं. तिने आजची तारीख घातली. पहिल्या रकान्यात, जिथे ट्रेचा क्रमांक लिहायचा, तिथे लिहिलं: ताई. पुढे: एक. ठोके: एकशे बेचाळीस.

लांबीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. नऊ मिलिमीटर लिहिलं होतं म्हणून ते नऊवरच राहिलं होतं. स्पर्शापुढे रेघ ओढली होती म्हणून त्याला स्पर्श कळला नव्हता. तिने दोन्ही रकाने तसेच सोडले. आकडा नाही, रेघही नाही. दार उघडं राहू दे, वाढणारं वाढू दे. तिने सही केली आणि वही कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनवर डॉक्टरीणबाईंनी यंत्र टेकवलं आणि लगेच आवाज आला. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग कालच्या कागदाकडे.

"एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "कालचं मशीन... मी तक्रार करते त्याची. माफ करा मला."

आईने त्यांचे हात धरले. भावोजी या वेळी खांबाकडे गेले नाहीत, तिथेच मटकन खाली बसले. धाकटीला हसू येत होतं आणि दातावर दात आपटत होते.

मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, तीन किलोचा, डोक्यावर जावळ भरपूर. नऊ महिने श्वास रोखून बसलेलं घर एकदम सैल झालं. ताई, जिला दोन वर्षांत कोणी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ती बाळाला अंघोळ घालताना भसाड्या आवाजात गायची आणि भावोजी म्हणायचे, "अगं, पोरगं घाबरेल." पोराला तळपायाला गुदगुल्या भारी. नुसतं बोट टेकवलं की दोन्ही पाय आकाशात. मावशीचं बोट सापडलं की असं घट्ट धरायचं, की सोडवताना एकेक बोट उलगडावं लागे.

धाकटीचा त्याच्यावर जीव होता, आणि त्याची भीती वाटायची. पहिल्या आठवड्यात, बाळ झोपलेलं असताना, तिने त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून मोजलं होतं. मोजायचं नाही असं ठरवूनसुद्धा. अर्ध्या मिनिटात एकाहत्तर. मग ते रडून लालबुंद झालं असताना मोजलं. एकाहत्तर. दूध पिताना, एकाहत्तर. लसीची सुई टोचल्यावर डॉक्टरांनीच मोजलं आणि म्हणाले, "वा, टोचलं तरी एकशे बेचाळीस. घड्याळासारखं आहे हो तुमचं बाळ."

बाकी सगळं वाढत होतं. वजन वाढत होतं, लांबी वाढत होती, दीड महिन्याचा झाल्यावर तो हसला. धाकटीने स्वतःची समजूत घातली, की एका आकड्याच्या बदल्यात हे सगळं मिळालं, स्वस्तात मिळालं. फक्त त्या ओळीवर कोणी रेघ मारता कामा नये. महिन्यातून एकदा ती काहीतरी निमित्त काढून प्रयोगशाळेत जायची आणि पान त्रेसष्ट बघून यायची. ओळ तशीच असायची. वही बाहेर नेता येत नव्हती, पान फाडायची तिची हिंमत नव्हती. वहीच रद्द झाली तर?

बाळ अडीच महिन्यांचं असताना एका दुपारी मामांचा फोन आला. त्यांना तिचं विसरलेलं एप्रन सापडलं होतं.

"येऊन घेऊन जा बाई. इथे सगळी आवराआवर चाललीय. मॅडम जुन्या वह्या तपासून जमा करतायत. सकाळपासून लाल पेन घेऊन बसल्यात."

धाकटीने चपला कशा घातल्या तिला आठवत नाही. वाटेत तिने ताईला फोन लावला, उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग तिने लावायचा थांबवला, कारण उचलला गेला असता तर काय ऐकू येईल ते तिला नको होतं.

मॅडम खोलीत होत्या. टेबलावर वह्यांचा ढीग, शेजारी लाल पेन टोपण लावून ठेवलेलं.

"बस, बस. धापा काय टाकतेस?"

"माझी वही."

"झाली तुझी." मॅडमनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "पान त्रेसष्ट. तुला विचारायचंच होतं."

धाकटीने लाल पेनाकडे पाहिलं.

"ती कुठल्या ट्रेची ओळ नाही. तुझ्या बहिणीची, हो ना? तिचं तेव्हा काय चाललं होतं, मामांनी सांगितलं मला. वहीत असलं लिहायचं नसतं, माहितीये ना?"

"खोडलीत का तुम्ही?"

"नाही गं." मॅडमचा आवाज मऊ झाला. "खोडणार होते. पेन टेकवलंही होतं. मग म्हटलं, राहू दे. मनुष्य आहे शेवटी, वहीत एवढं चालायचं. नाही खोडली."

धाकटी खुर्चीत बसली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली. मॅडम उठून आल्या, त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी आजवर कोणाच्याच पाठीवर हात ठेवला नसावा, त्यांना तो कुठे ठेवायचा ते नीट कळत नव्हतं. धाकटी बराच वेळ रडली. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं.

"बघ हवं तर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी वही पुढे सरकवली.

पान त्रेसष्ट. ताई. एक. एकशे बेचाळीस. ओळ शाबूत होती.

लांबीच्या रकान्यात एक लाल आडवी रेघ होती. स्पर्शाच्या रकान्यात एक लाल आडवी रेघ होती. शेजारी मॅडमची सही, तारीख आणि त्यांच्या सवयीप्रमाणे वेळ. अकरा वाजून दहा मिनिटं.

"रिकामे होते ते दोन," मॅडम म्हणाल्या. "बंद केले. तेवढं तर करावंच लागतं."

ताईच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत चाहूल नव्हती. ताई खिडकीशी बसून धुतलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होती आणि गुणगुणत होती.

"ये," ती हळू आवाजात म्हणाली. "फोन बंद करून ठेवला होता. याची झोप मोडते."

"कधीपासून झोपलाय?"

"झोपलाय कुठे? जागाच आहे. बघ ना, किती शहाणा झालाय आज. अकरा-सव्वाअकरापासून पडलाय गप्प. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही. पहिल्यांदा निवांत जेवले मी."

बाळ गादीवर उताणं होतं. डोळे उघडे होते. गाल लाल होते, अंग उबदार होतं. धाकटीने आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं. मूठ मिटली नाही. तिने तळपायाला बोट टेकवलं, मग नख फिरवलं.

ताई घड्या घालत होती.

धाकटी गुडघ्यांवर बसली. तिने त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्धं मिनिट झालं. तिने बोटं उचलली नाहीत.

"काय गं, काय मोजतेस?" ताईने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "एकाहत्तर."